वस्त्या कोण वाटतं?

भूगोलाच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, माणूस पाणी बघतो, सपाट जमीन बघतो, कामधंदा बघतो आणि वस्ती करतो. लिहिणाऱ्याचं घर गावठाणात असणार! आमच्या बापजाद्यांना कुणी बघायला सांगितलं होतं?

महारवाडा बहुतेक गावांत पूर्वेला. वारा बहुतकरून पश्चिमेचा. म्हणजे गावावरचा वारा आमच्यावर येईल, आमच्यावरचा गावावर जाणार नाही. नदी असली तर आमची जागा खालच्या अंगाला. गावाची घागर वर, आमची खाली. आणि तिथून हलायचं नाही, कारण गळ्यात वतन. वेसकर पाहिजे, सांगावा नेणारा पाहिजे, मेलेलं ढोर ओढणारा पाहिजे, पण दारात नको. हाक ऐकू जाईल इतकं जवळ, सावली पडणार नाही इतकं लांब. ते वतन कायद्यानं रद्द व्हायला १९५८ साल उजाडलं.

तोवर बरीच माणसं मुंबईला निघून गेली होती. १८५६ ला तिथं पहिली कापडगिरणी सुरू झाली आणि रत्नागिरी, सातारा, देशावरचा माणूस तिकडं ओढला गेला. १९११ च्या जनगणनेत मुंबईतल्या शंभरातले ऐंशीच्या आसपास लोक बाहेर जन्मलेले होते. शहरात जात गळून पडते म्हणतात.

गिरणीत काय झालं बघा. साळखात्यात धोट्याची कांडी बदलली की धागा डोळ्यातून तोंडानं ओढावा लागायचा. एकाचा चोखलेला धोटा दुसऱ्याच्या तोंडाला. झालं! अस्पृश्याला साळखातं बंद. त्यानं रिंगखात्यात राहायचं, जिथं पगार कमी. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल मागण्यांत घाला म्हणून धरून लावला. मी स्वतः सूतगिरणीत रिंगवरच आहे. धोटा कसा चोखायचे ते एका म्हाताऱ्या साचेवाल्यानं मला करून दाखवलं. एवढीशी गोष्ट. पण पगार तिनं ठरवला, आणि खोली पगारानं ठरवली.

पगारानं तरी कुठली पुरती! १९२० नंतरच्या दशकात सरकारनं बीडीडी चाळी बांधल्या. १६० चौरस फुटांची खोली, सगळ्यांना सारखी. तरी माणसं आपापल्या जातीच्या, तालुक्याच्या चाळी धरूनच राहिली. आमच्यांनी धरल्या त्या सोबतीसाठी, कारण दुसरीकडं भाड्यानं कोण देणार? १९७४ च्या जानेवारीत वरळीत दंगल पेटली तेव्हा कुठली चाळ कुणाची हे कुणाला विचारावं लागलं नाही.

म्हणूनच जुलै १९४२ च्या नागपूर परिषदेत दलितांसाठी स्वतंत्र गावं वसवा असा ठराव झाला. पडीक सरकारी जमीन द्या, आम्ही आमचं गाव उभं करतो. नुसतं वेगळं राहायचं म्हणून नव्हे. वेगळे तर होतोच. दुसऱ्याच्या गावाचं शेपूट म्हणून राहायचं नव्हतं. त्या मागणीचं सरकारी पातळीवर काही झालं नाही.

डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारनं जातीवाचक वस्त्यांची नावं बदलायचा निर्णय घेतला. चांगलं झालं. आमच्याकडंही पाटी बदलली. टाकी गावठाणात आहे, नळाला पाणी आमच्याकडं सगळ्यात शेवटी येतं.