बॅगपाइप, हायलँड : वादनाचे स्वशिक्षण

हवेची पिशवी, नऊ स्वरांची एक स्वरनळी आणि अखंड आधारस्वर देणाऱ्या तीन नळ्या असलेले स्कॉटलंडमधील सुषिर वाद्य. ब्रिटिश पलटणींबरोबर ते हिंदुस्थानात आले व पुढे भारतीय पायदळाच्या वाद्यपथकांत रुजले. जुन्या सैन्यभरतीत ‘दख्खनी’ व ‘कोकणी’ मराठे असे दोन वर्ग मानीत. दुसऱ्या वर्गात आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्याचा (स्थापना १ मे १९८१) मुलूख येई. १९२२ च्या पुनर्रचनेनंतर मराठा पलटणींचे प्रशिक्षण बेळगावी होऊ लागले. मालवण–सावंतवाडीकडे या वाद्याची ओळख पोचली, ती पलटणीच्या वाटेने.

पलटणीत शिक्षण उस्तादासमोर बसून होते. मूळ परंपराही मौखिकच. स्काय बेटावरील मॅक्क्रिमन घराण्यात पखवाजाच्या बोलांसारखे अर्थहीन अक्षरसमूह गाऊन रचना शिष्याच्या तोंडी बसवीत. गुरूवाचून शिकणाऱ्यास आधार देणारे पहिले पुस्तक मात्र भारताशी निगडित आहे. जोसेफ मॅक्डॉनल्ड हा सदरलंडमधील धर्मोपदेशकाचा मुलगा १७६० मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीसाठी निघाला व त्याच सुमारास त्याने वादनाचे नियम लिहून काढले. थोड्याच वर्षांत बंगालमध्ये त्याचे निधन झाले. हस्तलिखित स्वदेशी परतले आणि भाऊ पॅट्रिक याने ते १८०३ मध्ये छापले. पण छपाईत चुका फार राहिल्या. मूळ प्रतीवरून सिद्ध केलेली शुद्ध आवृत्ती १९९४ मध्ये निघाली. दरम्यान केवळ पुस्तकावर विसंबणारा या चुकाही इमानाने गिरवीत राहिला असणार. ग्लासगो येथील ‘कॉलेज ऑफ पायपिंग’चे सुबोध पाठ्यपुस्तक १९५३ मधील आहे.

स्वशिक्षणाचा आरंभ पिशवीविरहित सरावनळीवर करतात. बोटे पुस्तकावरून बसतात. अडचण पुढेच येते. स्वरनळीला ओठ लागत नसल्याने जिभेने स्वर तोडता येत नाही, आवाज लहानमोठाही करता येत नाही. सारखे दोन स्वर वेगळे दाखवायचे, तर मध्ये क्षणिक कणस्वर घ्यावा लागतो. त्यांची लय कागदावर नीट उतरत नाही. एकट्याची चूक तेथेच पक्की होते व पुढे मोडता मोडत नाही.

दुसरी कसोटी दाबाची. फुंकर थांबताच कोपराने पिशवी दाबावयाची, फुंकर सुरू होताच दाब सैल करावयाचा; यात तफावत पडली, की सूर डळमळतो. कोकणातील देवळांत सनईबरोबर ‘सूर’ धरणारा वादक हेच काम गाल फुगवून करतो : गालांतील हवा बाहेर सोडीत असतानाच तो नाकाने श्वास घेतो. सूर ढळला, तर शेजारचा सनईवादक त्यास तत्काळ सावध करतो. एकट्या पाइपवादकाला असा जोडीदार नसतो. म्हणून प्रथम दोन नळ्यांची तोंडे बंद करून एकाच आधारस्वराशी स्वरनळी जुळविणे हितावह. किनाऱ्यावरील पावसाळ्यात बोरूच्या जिव्हाळ्या ओल धरतात व जुळविलेला सूर उतरतो. वादनानंतर त्या काढून वाळवाव्या लागतात.