एका बटणावर दोन दिवे

सोसायटीला पंचवीस वर्षं झाली, तेव्हा स्मरणिकेसाठी "इतिहासाचं काहीतरी" लिहा, असा संपादक मंडळाचा निरोप आला. बोअरवेल, टँकर आणि कन्व्हेयन्सचा इतिहास जाणकारांनी आधीच वाटून घेतला होता. माझ्या वाट्याला उरला ए विंगच्या जिन्यातला दिवा. तिथे एका बटणावर दोन दिवे लागतात, हे सगळे रोज बघतात. त्यातला दुसरा कसा आला हे मात्र जुन्या सात-आठ घरांनाच आठवत असेल. तो उद्योग माझाच होता, म्हणून मीच सांगतो.

२००० साली आपण भुकूमला राहायला आलो, तेव्हा संध्याकाळी चांदणी चौक मागे पडला की अंधार सुरू व्हायचा. इमारतीला अजून कॉमन मीटर मिळाला नव्हता. ए विंगच्या जिन्यात एकच साठचा बल्ब होता, पहिल्या मजल्याच्या चौकात. त्याची तार पहिल्या मजल्यावरच्या काकूंच्या मीटरवरून आली होती. काकू देवापाशी दिवा लावायच्या आणि तशाच दाराबाहेर येऊन जिन्याचं बटण दाबायच्या. सकाळी दूधवाला आला की बंद करायच्या. बिल त्याच भरायच्या. याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत, आणि आम्हीही कधी विचारलं नाही.

दुसऱ्या मजल्यावर मात्र उजेड पोचायचा नाही. २००३ च्या पावसाळ्यात वरच्या आजी ओल्या पायरीवरून घसरल्या आणि त्यांचं मनगट मोडलं. आजी प्लॅस्टर घालून आल्या त्या दिवशी सगळे हळहळले, मीटिंग घेऊ म्हणाले. मी तेव्हा सेक्रेटरी होतो. एका बल्बसाठी मीटिंग कशाला, असं म्हणून रविवारी सकाळी मीच शिडी लावली.

बटण बंद केलं आणि होल्डरला हात घातला. असा झटका बसला की शिडीवरून खाली कसा आलो ते आठवत नाही. बटण बंद असताना शॉक लागतोच कसा, हे मला कळेना. मग तळमजल्यावर जाऊन काकूंचा मेन स्विच पाडला. काकू साताऱ्याला लग्नाला गेल्या होत्या. होल्डरला जाणारी एक तार तोडली, तिच्यामध्ये नव्या होल्डरची दोन टोकं जोडली आणि मेन चालू केला. दोन्ही बल्ब लागले, पण विझत आलेल्या निखाऱ्यासारखे. दोन्ही मिळून आधीच्या एकट्याच्या पाव हिश्श्याएवढाही उजेड नव्हता. मी घाबरून मेन पुन्हा पाडला आणि वायरमनला निरोप धाडला.

तो दुसऱ्या दिवशी पिरंगुटहून आला. वर बघूनच हसला. "काका, ही तर गणपतीची माळ केलीत तुम्ही!"

मग त्याने समजावलं ते असं. दिव्याला दोन तारा लागतात, फेज आणि न्यूट्रल. मी दुसरा दिवा पहिल्याच्या पुढे, एकाच ओळीत जोडला होता. मग २३० व्होल्ट दोघांत वाटले जातात, प्रत्येकाला ११५ च मिळतात. जुन्या माळेतला एक दिवा गेला की सगळी माळ का जाते, तेही यातच आलं. दुसरा दिवा पहिल्याच्या बरोबरीने जोडायचा असतो. बटणातून आलेल्या फेजवरून एक फाटा, न्यूट्रलवरून एक फाटा, दोन्ही नव्या होल्डरला. मग दोघांनाही पूर्ण २३० मिळतात, आणि एक उडाला तरी दुसरा जळत राहतो. दोन साठचे बल्ब म्हणजे १२० वॅट, जेमतेम अर्धा अँपियर. घरातल्या सहा अँपियरच्या बटणाला ते काहीच नाही.

शॉकचं कारण त्याने टेस्टर लावून दाखवलं. आधी कोणीतरी बटण न्यूट्रलमध्ये घातलं होतं. बटण बंद केल्यावर बल्ब विझायचा, पण होल्डरपर्यंत फेज जिवंतच राहायची. त्याने फेज बटणातून नेली, दोन्ही दिवे बरोबरीने जोडले आणि अर्ध्या तासात जिना उजळला.

पुढे कुतूहलाने मी याविषयी वाचत गेलो. एका ठिकाणची वीज अनेक लहान दिव्यांत कशी वाटायची, हा एकेकाळी जगाला पडलेला प्रश्न होता. त्या वेळचे रस्त्यावरचे झगझगीत आर्क दिवे एका ओळीत जोडत, माझ्या माळेसारखेच. ते सगळे एकदम लावायचे आणि एकदम विझवायचे. ब्रिटिश टपाल-तार खात्यातले अभियंता विल्यम प्रीस यांनी १८७९ मध्ये सांगितलं होतं की विजेच्या दिव्याची अशी वाटणी होणं अशक्य आहे. एडिसनने दिवे बरोबरीने जोडले आणि तार अशी वापरली की प्रत्येक दिव्याला थोडाच प्रवाह लागावा, म्हणजे तांब्याच्या जाड तारांचा खर्च वाचावा. ४ सप्टेंबर १८८२ ला न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरून वीज सुरू झाली, ती याच पद्धतीने. शेजाऱ्याला न विचारता आपला दिवा लावता-विझवता येतो, ही सोय तेव्हापासूनची.

वाटणीचा दुसरा धडा तर आपल्या तालुक्यातच आहे. आपल्या दारावरून जाणारा पौड रस्ता पुढे मुळशी धरणाला जातो. टाटांनी १९१५ मध्ये खोपोलीला पाण्यावर वीज सुरू केली, मग मुळशीचं काम काढलं. ज्यांच्या जमिनी बुडणार होत्या त्या मावळ्यांनी १९२१ मध्ये सत्याग्रह केला. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट त्यात पुढे होते. बापटांना 'सेनापती' म्हणू लागले ते याच लढ्यात. धरण झालंच. घाटाखाली भिऱ्याला १९२७ मध्ये वीजघर सुरू झालं आणि वीज मुंबईला गेली. पाणी आणि जमीन मुळशीची होती, पण गिरण्या मुंबईच्या चालल्या. इथल्यांना त्याआधी नीट विचारलं होतं का, हाच त्या लढ्याचा प्रश्न होता.

आता पुन्हा आपल्या जिन्यात येतो, कारण प्रश्न तिथेही तोच निघाला.

काकू साताऱ्याहून परतल्या तेव्हा घरात आंबूस वास येत होता. दीड दिवस त्यांचा मेन बंद होता. फ्रिजमधलं दूध नासलं होतं, आंब्याच्या रसाचा डबा गेला होता. शिवाय बाहेर त्यांच्या मीटरवर दोन दिवे जळत होते. त्या मला एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, दिव्याला माझी ना नव्हती. पण विचारायचं तरी!"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कितीही बरोबरीने जोडा, दुसरा दिवा पहिल्याचा उजेड कमी करत नाही, पण मीटर दुप्पट फिरवतो. साठचा एक बल्ब रात्रभर, म्हणजे अकरा तास जळला तर महिन्याला सुमारे वीस युनिट होतात. दोन जळले तर चाळीस. हे सगळं तीन वर्षं एक घर भरत होतं, आणि मी त्यांच्या पाठीमागे त्यात भर घातली होती.

त्या आठवड्यात मीटिंग घेतली. मी चूक कबूल केली. कॉमन मीटरसाठी वीज मंडळाकडे अर्ज करायचा ठराव झाला, आणि मीटर येईपर्यंत दोन्ही दिव्यांचे पैसे सोसायटीने काकूंना द्यायचं ठरलं. काकूंनी ऐकलं नाही. म्हणाल्या, "पहिला दिवा मी लावत होते, तो माझा. दुसऱ्याचे द्या." इतिवृत्तात हे वाक्य नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो. प्लॅस्टरातला हात वर करून ठरावाला पहिलं अनुमोदन आजींनी दिलं.

पुढे मीटर आला. वीज मंडळाची २००५ मध्ये महावितरण झाली, भारनियमन आलं आणि गेलं, साठच्या बल्बचा सीएफएल झाला, मग एलईडी. आज तिथे नऊ वॅटचे दोन दिवे आहेत. दोन्ही मिळून महिन्याला सहा युनिट, म्हणजे काकूंच्या त्या एका बल्बच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. काकू आता मुलाकडे असतात. आजी गेल्या.

तरुण सभासदांना एक विनंती. घरात एका बटणावर दुसरा दिवा घ्यायचा असेल तर मेन पाडा, नुसत्या बटणावर विसंबू नका. परवानाधारक वायरमनकडूनच काम करून घ्या आणि बटण फेजमध्ये आहे ना, हे त्याला टेस्टरने दाखवायला सांगा. आणि तार दुसऱ्याच्या मीटरवरून जात असेल, तर शिडी लावण्याआधी त्यांची बेल वाजवा.