लघु गोल्फ कोर्स

नेहमीपेक्षा कमी लांबीचा आणि एकूण पार ७२ पेक्षा बराच कमी असलेला गोल्फ कोर्स. तरबेज खेळाडूने एखादा होल जितक्या फटक्यांत पुरा करावा अशी अपेक्षा असते, तो त्या होलचा पार; ग्रीनवरचे, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावरचे, दोन पट (चेंडू घरंगळत नेणारे फटके) त्यात धरलेले असतात. पुरुषांसाठी साधारण २४० मीटरपर्यंतचा होल पार ३, सुमारे ४५० मीटरपर्यंतचा पार ४ आणि त्याहून लांब तो पार ५. या हद्दी एकमेकींत मिसळतात, म्हणून आखणी करणाऱ्याला थोडी मोकळीक मिळते.

पार ७२ मध्ये सहसा पार ३ चे चार, पार ४ चे दहा आणि पार ५ चे चार होल असतात. पार उतरवताना कात्री आधी पार ५ ला लावावी. अशा एका होलच्या जागी पार ३ घेतला तर पार दोननेच घटतो, पण लांबी तीनेकशे मीटरने वाचते. पार ३ चे सहा आणि पार ४ चे बारा होल घेतल्यास पार ६६ येतो; हेच प्रमाण उलटे केले की ६०. पार ६० च्या आसपासच्या कोर्सला ‘एक्झिक्युटिव्ह’ म्हणतात. पूर्ण कोर्सला ढोबळमानाने १२० ते २०० एकर जमीन लागते, एक्झिक्युटिव्हला ७५ ते १००.

सगळे होल सारखेच आखूड करणे हा मात्र आळशीपणा. मग प्रत्येक टीवर, म्हणजे पहिल्या फटक्याच्या जागी, तोच क्लब आणि तोच फटका. शंभर मीटरच्या पार ३ नंतर दोनशे मीटरचा, तोही वाऱ्याच्या उलट दिशेने, असा पालट हवा. २७० मीटरच्या पार ४ वर लांब फटका पडेल नेमका तिथे वाळूचा बंकर ठेवला, की दांडग्या खेळाडूलाही विचार करावा लागतो. इंग्लंडमधील राय या कोर्सचा पार ६८, त्यात पार ५ चा होल एकच. तरीही तो सोपा असल्याचे कोणी म्हणत नाही. ऑगस्टा नॅशनलने १९५८ मध्ये केलेला नऊ होलचा छोटा कोर्स पार २७ चा आहे. मुंबईत चेंबूरच्या बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबचा पार ७० आहे. सिडकोचा खारघरचा कोर्स सुरुवातीला अकराच होलचा होता. खेळाडूंचे कौशल्य मोजणाऱ्या जागतिक हँडिकॅप पद्धतीत २०२४ पासून अठरा होलची एकूण लांबी १,५०० यार्ड असली तरी अधिकृत मानांकन मिळू शकते. पूर्वी ३,००० यार्ड लागत.

लघु कोर्सच योग्य ठरेल अशा जागेचे उदाहरण म्हणजे तापीखोरे. तिथल्या काळ्या जमिनीत पाणी तुंबते. म्हणून ग्रीनखाली सुमारे १० सेंमी. खडी आणि तिच्यावर ३० सेंमी. वाळूप्रधान थर द्यावा लागतो. टी आणि ग्रीनमधल्या फेअरवेला हरळी पुरते. गोल्फवाले जिला बर्म्युडा म्हणतात ती हीच. खरा प्रश्न पाण्याचा. सावदा, रावेर, यावल हा केळीचा पट्टा. केळी ठिबकवर आली तरी विहिरी-कूपनलिकांची पातळी खालीच जाते आहे. अशा ठिकाणी अठरा होलचा हट्ट धरू नये. पार २७ चा नऊ होलचा कोर्स पुरेसा आहे, आणि उन्हाळ्यात पाणी द्यायचे ते फक्त ग्रीन आणि टीला.