सॅम्पलरची लय कोणाच्या हाती?

हार्डवेअर सॅम्पलर घ्यायला निघालेल्या प्रत्येकाला एक प्रश्न हटकून पडतो. सीक्वेन्सर आतच असलेलं यंत्र घ्यावं, की नुसता सॅम्पलर घेऊन वेगळा सीक्वेन्सर जोडावा? सॅम्पलरजवळ आवाज असतो, पण तो केव्हा वाजवायचा हे त्याला कोणीतरी सांगावं लागतं. सीक्वेन्सरचं नेमकं उलट: कोणता आवाज कुठल्या मात्रेवर, किती जोरात, हे सगळं त्याच्या नोंदीत असतं, आवाज मात्र त्याचा नसतो. सॅम्पलरच्या सुरुवातीच्या काळात ही दोघं एकत्रच होती. दोन चुली नंतर झाल्या आणि त्या का झाल्या हे कळलं, की निवड पुष्कळ सोपी होते.

सिडनीच्या पीटर व्होगेल आणि किम रायरी यांनी १९७९ साली फेअरलाइट सीएमआय बाजारात आणला. बाहेरचा कुठलाही आवाज टिपून तो कीबोर्डवर वाजवणारं हे यंत्र होतं. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत ‘पेज आर’ आलं. पडद्यावर आठ आवाजांच्या आठ ओळी दिसत आणि सूर त्या ओळींवर मांडायचे. मांडलेला तुकडा फिरत राही, असे तुकडे जोडून गाणं उभं करता येई. किंमत हजारो पौंड असल्यामुळे यंत्र पीटर गेब्रियल, केट बुश अशा मोजक्यांच्याच हाती पोचलं, पण आवाज आणि त्याची मांडणी एकाच पडद्यावर ठेवायची कल्पना तिथे रुजली.

वाटणीला कारण ठरलं मिडी, म्हणजे वाद्यांनी एकमेकांशी बोलायची सामायिक भाषा. त्याआधी वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एकमेकांना सहसा ठोकाच देऊ शकत. मुंबईच्या चरणजित सिंह यांनी १९८२ साली रागांवर केलेल्या ध्वनिमुद्रिकेत रोलँडचं टीआर-८०८ हे ड्रम मशीन आणि टीबी-३०३ हे बासचं यंत्र वापरलं. ही यंत्रं एका लयीत बांधता येत, पण प्रत्येकाचा तुकडा ज्याच्या त्याच्या पोटात असे. जानेवारी १९८३ च्या नॅम या वाद्यांच्या प्रदर्शनात सीक्वेन्शियल सर्किट्सचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ एका केबलने जोडून दाखवले गेले, आणि एका कंपनीच्या पट्ट्या दाबून दुसऱ्या कंपनीचं वाद्य बोलू लागलं. डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी यांच्या या कामामुळे ठोक्याबरोबर सूरही केबलमधून जाऊ लागला. मग सीक्वेन्सर आत कशाला हवा? मेमरी महाग होती. अकाईने एस६१२ (१९८५) आणि एस९०० (१९८६) हे रॅकमध्ये बसणारे डबे काढले आणि आतली सगळी जागा आवाजाला दिली. वाजवण्याचं काम यामाहा क्यूएक्स१, रोलँड एमसी-५००, अलेसिस एमएमटी-८ अशा स्वतंत्र सीक्वेन्सरांकडे, किंवा अटारी एसटी संगणकाकडे गेलं. अटारीला मिडीची भोकं मुळातच होती.

या केबलची एक किंमत मोजावी लागते आणि ती समजून घेण्यासारखी आहे. मिडीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट. एक सूर वाजवायला तीन बाइट लागतात, म्हणजे जवळपास एक मिलिसेकंद. सूर केबलमधून एकामागोमाग एक जातात. समेवर किक, हाय-हॅट, बास आणि सहा-सात सुरांचा कॉर्ड एकदम वाजवायचा असेल, तर शेवटचा सूर पहिल्याच्या आठ-नऊ मिलिसेकंद मागे पडतो. पाठवायची माहिती आटोपशीर करून हे काहीसं कमी होतं, संपत नाही. गायकाला कदाचित जाणवणार नाही, पण ज्याचं सगळं संगीत ड्रमच्या आघातावर उभं आहे त्याला जाणवतं. म्हणून जाणते लोक एका केबलवर गर्दी करत नसत आणि किक नेहमी रांगेत पहिली ठेवत. सीक्वेन्सर आतच असला की ही रांग उरत नाही.

हे ज्याने सगळ्यांत खोलवर ओळखलं तो रॉजर लिन. १९८० च्या एलएम-१ या ड्रम मशीनमध्ये त्याने खऱ्या ड्रमचे टिपलेले आवाज घातले आणि त्याबरोबर स्विंगही दिला. स्विंग म्हणजे सोळाव्या भागांच्या प्रत्येक जोडीतला दुसरा ठोका जरा उशिरा टाकायचा. लय मिनिटाला १२० असेल तर एक जोडी २५० मिलिसेकंदांची होते. ५० टक्क्यांवर दुसरा ठोका बरोबर १२५ वर पडतो, ६२ टक्क्यांवर १५५ वर. या तीस मिलिसेकंदांनी मान डोलते की नाही हे ठरतं. पुढच्या लिन ९००० मध्ये त्याने सीक्वेन्सर आणि आवाज एकत्र आणले, पण सॉफ्टवेअर डळमळीत राहिलं आणि १९८६ साली कंपनी बंद पडली. अकाईने लिनला हाताशी धरलं आणि १९८८ साली एमपीसी६० आला. चार बाय चार अशी सोळा रबरी पॅडं, आत सॅम्पलर, आत सीक्वेन्सर. माझ्या मते या कुळातलं सर्वांत महत्त्वाचं यंत्र हेच. बोटाने आवाज निवडायचा, त्याच बोटाने लय नोंदवायची, मध्ये कोणी नाही. पुढे एमपीसी३००० वर हिप-हॉप निर्माता जे डिला याने ठोके आपोआप सरळ करणारी सोय बऱ्याचदा बंद ठेवून हातानेच वाजवलं आणि एक अख्खी पिढी तशी डुलायला शिकली.

न्यूयॉर्कच्या हिप-हॉपमध्ये दोन्ही चुली एकत्र पेटल्या होत्या. ई-म्यू एसपी-१२०० (१९८७) मध्ये एकूण जेमतेम दहा सेकंदांचा आवाज मावे, एका पॅडवर अडीच सेकंद. म्हणून लोक ३३ च्या गतीची रेकॉर्ड ४५ वर फिरवून टिपत आणि यंत्रात सूर खाली उतरवत. जागा वाचे आणि आवाजाला खरखरीत दाणा येई. तरी जागा पुरेना, तेव्हा पीट रॉकसारख्यांनी शेजारी अकाई एस९५० ठेवला. ड्रम एसपीच्या पोटातून, लांब तुकडे एस९५० मधून, आणि दोघांचा ताल एसपीच्या सीक्वेन्सरकडे.

इंग्लंडमधल्या ‘जंगल’ नावाचं नृत्यसंगीत करणाऱ्यांनी मात्र अटारी आणि अकाई हीच जोडी धरली, आणि त्यांच्या कामाला तीच योग्य होती. द विन्स्टन्सच्या १९६९ च्या ‘आमेन, ब्रदर’मधला ड्रमचा तुकडा कापायचा, प्रत्येक ठोका वेगळ्या पट्टीवर ठेवायचा आणि पडद्यावर शंभर शंभर आवर्तनं वेगवेगळी रचायची. इतकं लांबचं दिसायला मोठा पडदा लागतो, पॅडांवर ते जमत नाही.

आज मेमरी स्वस्त झाली आहे, म्हणून फक्त जागेसाठी वेगळं होण्याचं कारण उरलेलं नाही. गोटेनबर्गच्या एलेक्ट्रॉनने ऑक्टाट्रॅक आणि २०१७ च्या डिजिटॅक्टमध्ये सीक्वेन्सरच्या एकेका पायरीला सॅम्पल बदलण्याची, त्याची सुरुवात सरकवण्याची, फिल्टर फिरवण्याची मुभा दिली. बाहेरच्या सीक्वेन्सरकडूनही बरंच साधतं, पण प्रत्येक बदलासाठी वेगळा संदेश पाठवावा लागतो आणि केबलवरची गर्दी वाढते. तुमचं संगीत छोट्या, फिरत्या, ठोक्यावर उभ्या तुकड्यांचं असेल तर आतल्या सीक्वेन्सरवर पैसे घाला. सॅम्पल आणि ताल एकाच प्रोजेक्टमध्ये जपले जातात हा फायदा सहा महिन्यांनी जुनं गाणं उघडताना कळतो. चार-पाच वाद्यं हाकायची असतील किंवा रचना लांबलचक असेल तर वेगळाच घ्या. दोन्ही हवं असेल तर २०१७ च्या डिजिटॅक्टचं उदाहरण पाहा: त्यात आठ ट्रॅक स्वतःच्या आवाजाचे होते, आठ बाहेरच्या मिडी वाद्यांसाठी. दुकानात किती मिनिटांचं सॅम्पल मावतं हे विचारण्याआधी असे बाहेर जाणारे ट्रॅक किती आहेत ते विचारा.