रस्ता मुलींचाही आहे : मनमाड, नागपूर आणि आपली वस्ती



मागच्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या विहारात बैठक झाली. शाळेच्या रस्त्यावर एका इमारतीचे काम चालू आहे. तिथले काही मजूर सातवी-आठवीच्या मुली दिसल्या की शिट्ट्या मारतात, घाणेरडे बोलतात. बैठकीत तीन उपाय निघाले. एक जण म्हणाला, मुलींचा संध्याकाळचा क्लास बंद करा. दुसरा म्हणाला, बाहेरून आलेली माणसे आहेत, चार पोरे घेऊन जाऊ आणि बदडून काढू. तिसरे जुने युनियनवाले काका. ते म्हणाले, गरीब कामगार आहेत, पोलिसात दिले तर त्यांच्या पोटावर पाय येईल, समज देऊन सोडा. मुली दाराशी बसल्या होत्या. त्यांना कुणी काही विचारले नाही.

हे तिन्ही उपाय आपल्या चळवळीच्या इतिहासाला धरून नाहीत, म्हणून हा लेख.

पहिला उपाय घ्या. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. तिथे शिकवायला जाणाऱ्या सावित्रीमाईंवर रस्त्यात शेण आणि चिखल फेकला गेला, आणि त्या बदलायला दुसरे लुगडे सोबत नेत, असे चरित्रकार सांगतात. दरवर्षी ३ जानेवारीला आपण हे भाषणात सांगतो. पण त्यातला मुद्दा सोडून देतो. शेण फेकणाऱ्यांना माईंचे लुगडे खराब करायचे नव्हते, त्यांना रस्ता बंद करायचा होता. बाई घराबाहेर पडली, शिकली, तर जात टिकत नाही, हे त्यांना पक्के कळत होते. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातीवरच्या निबंधात बाबासाहेबांनी हेच उलगडून दाखवले. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या प्रथा जातीअंतर्गत विवाहाची चौकट टिकवण्यासाठी आल्या, असे त्यांनी मांडले. म्हणजे जातीचे कुलूप बाईवर लावलेले आहे. मग छेड झाली म्हणून आपण मुलीचा क्लास बंद केला, तर शेण फेकणाऱ्यांचे राहिलेले काम आपणच पुरे केले. आज क्लास बंद, उद्या शाळा बंद, परवा स्थळ बघणे सुरू. शिट्टी मारणाऱ्याने तिची संध्याकाळ नासवली, आपण तिचे आयुष्य नासवतो.

आता काकांचा उपाय. काकांचा हेतू चांगला होता, म्हणून त्यांना उत्तरही नीट दिले पाहिजे. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला अस्पृश्य रेल्वे कामगारांची परिषद भरली. बाबासाहेबांनी तिथे कामगारांचे दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. आणि लगेच ब्राह्मणशाहीचा अर्थही स्पष्ट केला. ब्राह्मण जातीची सत्ता एवढाच त्यांचा अर्थ नव्हता. स्वातंत्र्य, समता, बंधुभाव यांचा नकार म्हणजे ब्राह्मणशाही, आणि ती सर्व वर्गांत पसरलेली आहे, असे ते म्हणाले. समोर कामगार बसलेले असताना त्यांनी हे सांगितले. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला विणखात्यात शिरू न देणारे सवर्ण कामगारच होते. तेही गरीब होते, तेही शोषित होते. म्हणून बाबासाहेबांनी त्यांना माफी दिली नाही. मग तेच माप इथेही लागू करा. स्वतः पिळला जाणारा मजूर तेरा वर्षांच्या मुलीला रस्त्यावर खाली पाहायला लावतो, तेव्हा तो तिच्याशी ब्राह्मणशाहीनेच वागत असतो.

शिवाय कामगार म्हणजे फक्त पुरुष, हे कुणी ठरवले? नागपूरच्या जाईबाई चौधरी लहानपणी रेल्वे स्टेशनवर हमाली करत. शिकून त्या शिक्षिका झाल्या आणि पुढे त्यांनी चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली. २० जुलै १९४२ रोजी नागपुरातच सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची परिषद झाली. हजारो बाया जमल्या होत्या. समाजाची प्रगती आपण त्यातल्या स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, असे बाबासाहेबांनी तिथेच सांगितले. त्या परिषदेत घटस्फोटाच्या हक्काचा ठराव झाला, मुलींच्या वसतिगृहांचा झाला, आणि गिरण्यांत बायांवर देखरेखीला बायाच नेमाव्यात अशीही मागणी झाली. ही मागणी का करावी लागली, हे मुकादमाच्या हाताखाली राबलेल्या कुठल्याही बाईला विचारा.

दुसरा उपाय, बदडून काढण्याचा. यात मुलीची इज्जत कमी आणि आपली मर्दुमकी जास्त असते. ‘बाहेरची माणसे’ हे शब्दही जपून वापरा. गावात आपल्याला आणि शहरात झोपडपट्टीवाल्यांना याच सुरात हाकलले जाते. आणि आपलीच पोरे नाक्यावर उभी राहून हेच करतात तेव्हा ही चार पोरे कुणाला बदडतात?

बाबासाहेबांचा मार्ग कायद्याचा आणि संघटनेचा. अठरा वर्षांखालील मुलीला लैंगिक हेतूने बोलणे, हावभाव करणे, पाठलाग करणे हा २०१२ च्या पॉक्सो कायद्याने गुन्हा आहे, अंगाला हात लावलेला नसला तरी. आरोपी कुठल्याही जातीचा असो. तो अनुसूचित जाती-जमातीबाहेरचा असेल आणि मुलगी आपली असेल, तर अ‍ॅट्रॉसिटी कायदाही पाहावा लागतो. पॉक्सोखालचा गुन्हा माहीत असूनही न कळवणे हाही गुन्हाच आहे. म्हणजे समज देऊन मिटवण्याचा अधिकार वस्तीच्या बैठकीला नाहीच. आणि मुलीचे नाव, फोटो ग्रुपवर टाकायचा नाही, तोही गुन्हा आहे.

शेवटी एका ताईने मुलींना पुढे बोलावले. त्यांनी वेळ, जागा, माणसे, सगळे नीट सांगितले. त्रास देणारे तिघे होते, सगळे मजूर नव्हेत. आया आणि ताई मुलींसोबत ठाण्यात गेल्या, तक्रार नोंदवली. ठेकेदारालाही लेखी कळवले. त्या कामावर पाट्या वाहणाऱ्या दोन बाया आमच्या ताईंना हळूच म्हणाल्या, बरे झाले, आम्ही मुकादमाचे रोज ऐकतो, आमचे कोण लिहून घेणार?

१९४२ च्या नागपूरचा ठराव अजून इथेच, पाट्यांखाली उभा आहे. त्या दोघींची तक्रार लिहून घेणे हे आपले पुढचे काम. मुलींचा क्लास चालू आहे. रस्ताही तोच आहे.

जय सावित्री! जय भीम!