उपनगरांतील घर आणि भुईभाडें

मुंबईच्या घरांचा प्रश्न निघाला कीं, ‘बेटावर जागाच नाहीं’ असें उत्तर बहुधा ऐकूं येतें. हें अर्धेंच उत्तर आहे. उत्तरेकडे जागा होती. ती कोणाच्या हातीं जावी आणि राहणाऱ्यानें तिचा पैसा कसा फेडावा, याचा निकाल लागत नव्हता. आजच्या भाषणांत त्याचाच इतिहास सांगण्याचें योजिलें आहे.

1896 सालीं मांडवी भागांत प्लेगनें डोकें वर काढलें आणि त्या धास्तींतून 1898 सालीं इंप्रूव्हमेंट ट्रस्ट जन्मास आला. आरंभीं त्यानें नागपाड्यासारख्या वस्त्या पाडल्या; पाडलीं तितकीं घरें कांहीं बांधलीं नाहींत, हा डाग त्याच्या कारभारावर राहिलाच. परंतु दादर-माटुंग्याच्या योजनांत त्याचें शहाणपण दिसून येतें. आधीं जमीन ताब्यांत घेतली, मग रस्ते व गटारें केलीं, आणि नंतर भूखंड विकून न टाकतां दीर्घ मुदतीच्या पट्ट्यानें दिले.

या पट्ट्याचें महत्त्व श्रोत्यांनीं नीट ध्यानांत घ्यावें. भुई विकत घ्यावयाची तर कारकुनानें किंवा मास्तरानें आयुष्याची शिल्लक आधींच मोजून द्यावी, आणि मग विटांना पैसा कोठून आणावा? (मास्तराचें नांव मुद्दाम घेतों, मी त्यांतलाच.) पट्ट्यामुळें तो बोजा वर्षाकाठच्या भुईभाड्यांत विभागला जाई. शिवाय घर किती उंच असावें, मोकळी जागा किती सोडावी, हें मालक या नात्यानें ट्रस्टला ठरवितां येई.

उरला बांधकामाचा पैसा. त्याची वाट रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी यांनीं दाखविली. 1912 च्या कायद्यानें पतपेढ्यांखेरीज इतर सहकारी संस्थांनाही नोंदणीचें दार उघडलें होतें. त्याचा लाभ घेऊन 1915 सालीं गांवदेवी येथें सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी निघाली. जमीन ट्रस्टच्याच पट्ट्याची. सभासदानें भाग घ्यावा, उरलेली रक्कम संस्थेनें कर्जाऊ उभारावी, आणि सभासदानें भाडें द्यावें तें संस्थेला, म्हणजे एका परीनें स्वतःलाच. त्यांतून व्याज, कर, डागडुजी व मुद्दलाचा हप्ता भागे. घर संस्थेचें, म्हणून तें चढत्या भावानें विकून नफा खाण्यास वाव नसे.

गांवदेवी हें उपनगर नव्हे. पण हाच धडा पुढें उपनगरांनीं गिरविला. अनेक संस्था ज्ञातीज्ञातीच्या निघाल्या, हें मला मनापासून रुचत नाहीं. ज्याच्या ज्ञातींत तालमकी जन्मले नाहींत त्यानें काय करावें? मात्र परस्परांची ओळख नसतां एकमेकांच्या कर्जाची जोखीम कोण घेणार, हेंही खरें.

पुढें विजेची गाडी आली. 1925 सालीं बोरीबंदराहून कुर्ल्यास, 1928 सालीं बोरिवलीपर्यंत. साष्टींतील शेतजमीन कचेरीच्या टप्प्यांत आली. तेथें भुई बव्हंशीं खासगी हातांत होती. गाडी धांवली रेल्वेच्या खर्चानें. वाढलेला भाव मात्र जमीन आधींच घेऊन बसलेल्यांच्या खिशांत गेला.

गिरणीकामगाराजवळ सोसायटीचा भाग घेण्याइतकीही शिल्लक नव्हती. त्याच्यासाठीं गव्हर्नर लॉइड यांच्या काळीं, 1920 सालीं, सरकारी डेव्हलपमेंट खातें निघालें. कापसाच्या गांठीमागें 1 रुपया कर बसवून 50,000 खोल्या बांधण्याचा संकल्प होता. प्रत्यक्षांत वरळी, नायगांव, डिलाईल रोड व शिवडी येथें मिळून 207 चाळी, म्हणजे सुमारें 16,000 खोल्या झाल्या. त्यांतल्याही पुष्कळशा कित्येक वर्षें रिकाम्या पडल्या, कारण वरळी कामापासून दूर, सोयी अपुऱ्या, आणि भाडें कामगाराला पेलेना.

पहिल्या तीन ठिकाणच्या चाळींच्या पुनर्विकासाचा आरंभ 2017 सालीं झाला. जुन्या भाडेकरूस 500 चौरस फुटांचें घर विनामूल्य मालकीनें द्यावयाचें, आणि त्याचा खर्च उरलेल्या घरांच्या खुल्या विक्रींतून काढावयाचा, अशी योजना ठरली. वरळीची भुई आतां इतकी महाग झाली आहे कीं हा हिशेब जुळतो.