वो-ल-व्हिकोंत : मेजवानीची दंतकथा आणि तारखांचा हिशेब

मंडळी, पॅरिसच्या आग्नेयेला सुमारे ५५ किलोमीटरवर वो-ल-व्हिकोंत हा बरोक शैलीतला प्रासाद आहे. त्याची गोष्ट तुमच्यापैकी काहींनी ऐकली असेल. फ्रान्सचा अर्थमंत्री निकोला फुके याने १७ ऑगस्ट १६६१ रोजी तिथे राजाला मेजवानी दिली. मोलिएरचं नवं नाटक झालं, आतषबाजी झाली. सेवकाचा हा थाट पाहून तरुण चौदाव्या लुईचा जळफळाट झाला आणि ५ सप्टेंबरला फुकेला अटक झाली.

गोष्ट झकास आहे. पण जरा तारखा बघा. खरा सूत्रधार कार्दिनाल माझारँ मार्चमध्येच वारला होता आणि आता मुख्य मंत्री नेमणार नाही, असं राजाने सांगून टाकलं होतं. फुकेचा प्रतिस्पर्धी कोल्बेर त्याच्या हिशेबातल्या चुका राजापुढे मांडत होता. फुकेकडे पॅरिसच्या वरिष्ठ न्यायालयातलं सरकारी वकिलाचं पदही होतं. त्यामुळे त्याच्यावर खटला भरायचा तर त्याच न्यायालयात भरावा लागला असता. हे पद त्याला गोडीगुलाबीने विकायला लावलं, तेही मेजवानीच्या आधी! म्हणजे सापळा आधीच लागला होता.

फुके धुतल्या तांदळासारखा होता का? नाही. सरकारी पैसा आणि खासगी पैसा त्याने एकत्र केला. पण माझारँनेही तेच केलं, आणि त्याची खासगी मालमत्ता सांभाळत होता कोण? हाच कोल्बेर.

आता बागेत या. आंद्रे ल नोत्रने लांबचे हौद जवळच्यांपेक्षा मोठे केले, म्हणून वाड्यातून बाग आहे त्याहून आटोपशीर दिसते. चालत गेलं की मध्येच जवळजवळ एक किलोमीटर लांबीचा आडवा कालवा समोर येतो. वाड्यातून तो दिसतच नाही.

न्यायाधीशांनी १६६४ मध्ये हद्दपारी सुनावली. राजाने ती वाढवून जन्मठेप केली. फुके १६८० मध्ये पिन्येरोलच्या किल्ल्यात कैदेतच वारला. आणि वास्तुविशारद ल व्हो, चित्रकार ल ब्रं, बागरचनाकार ल नोत्र? तिघंही राजाच्या व्हर्सायच्या कामावर. वो इथली संत्र्याची झाडंसुद्धा तिकडे गेली.

नुसता मत्सर असता, तर राजाने वाडा पाडला असता. त्याने माणसं उचलली. पुढे भव्यता हा फक्त राजाचा अधिकार राहिला. वो मात्र उभा राहिला. १८७५ मध्ये आल्फ्रेद सोमिए या उद्योगपतीने तो लिलावात घेतला आणि उजाड झालेली बाग पुन्हा उभी केली. आज तिथे तिकीट काढून जाता येतं. गेलात, तर कालव्यापर्यंत नक्की चालत जा.